कामगाराच्या अंगातल्या शिशाची मोजदाद
जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवणाऱ्या भट्टीवर हवेची तपासणी असते तेव्हा कामगाराच्या कमरेला एक छोटा पंप बांधतात. त्याची नळी पाठीवरून खांद्यावर येते आणि कॉलरपाशी, नाकातोंडाजवळ, एक गाळणी अडकवतात. पंप मिनिटाला सुमारे 2 लिटर हवा ओढतो. पाळी संपली की गाळणीवर किती शिसे बसले ते प्रयोगशाळेत मोजतात. आपल्या 1948च्या कारखाने अधिनियमात हवेतल्या शिशाची मर्यादा घनमीटरमागे 0.15 मिलिग्रॅम ठरवली होती, तीही आठ तासांची सरासरी धरून.

पण त्याच माणसाने मधल्या सुट्टीत हात न धुता तंबाखू मळली, तर तळव्यावरची धूळ थेट तोंडात जाते आणि गाळणीला त्याचा पत्ताही लागत नाही. घरी गेल्यावर भिंतीचा जुना, पोपडे आलेला रंग असतो, डोळ्यांत घालायचा शिसेयुक्त सुरमा असतो, कल्हईच्या कथलात मिसळलेले शिसे असते. कारखान्यातले आणि घरातले शिसे शरीरात एकाच रक्तात मिसळते. म्हणून खरी मोजणी अंगातच करावी लागते.

रक्तातले जवळजवळ सगळे शिसे तांबड्या पेशींत असते आणि साधारण महिन्याभरात ते निम्म्यावर येते. म्हणजे रक्ताची चाचणी गेल्या काही आठवड्यांचीच हकीकत सांगते. प्रौढ माणसाच्या अंगातले नव्वद टक्क्यांहून जास्त शिसे हाडांत मुरलेले असते आणि तिथे ते दशकानुदशके राहते. तेही मोजता येते, आणि सुई न टोचता! नडगीपाशी कॅडमियम-109 या किरणोत्सारी पदार्थाचा स्रोत धरला की हाडातले शिसे स्वतःचे ठरावीक क्ष-किरण परत पाठवते. अर्धा-पाऊण तास स्थिर बसले की वर्षानुवर्षांचा साठा कळतो.

मग हे शिसे आले कुठून? याचे उत्तर मिळते, ही मला या साऱ्यातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. शिशाचे 204, 206, 207 आणि 208 असे चार स्थिर समस्थानिक आहेत. शेवटच्या तिघांत युरेनियम व थोरियमच्या क्षयातून भर पडत असल्याने त्यांचे आपसातले प्रमाण खनिजाच्या वयानुसार खाणीखाणीत वेगळे असते. भट्टीत वितळवूनही ते बदलत नाही. ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलचे शिसे असेच ओळखू येते. कामगाराचे रक्त, कारखान्याची धूळ आणि घरातला सुरमा यांची प्रमाणे शेजारी ठेवली, तर पुष्कळदा कुणाचा वाटा मोठा ते दिसते. मात्र भंगारात अनेक खाणींचे शिसे एकत्र आलेले असते, तिथे निदान अवघड होते.

इतर धातूंच्या तऱ्हा निराळ्या. पाऱ्याची वाफ हुंगलेल्याची लघवी तपासतात. माशांतून येणारा मिथिल पारा केसांत सापडतो. कॅडमियम सिगारेटच्या धुरातूनही येते, म्हणून व्यसनाची चौकशी हवीच. कोकणातल्या कामगाराने आदल्या दिवशी कोळंबी खाल्ली तर लघवीतले एकूण आर्सेनिक फुगलेले दिसते, जरी समुद्री अन्नातले आर्सेनिक बहुतांशी निरुपद्रवी असले तरी. त्यासाठी तीन-चार दिवस मासळी बंद ठेवायला सांगतात, किंवा प्रयोगशाळेत आर्सेनिकचे प्रकार वेगळे करून मोजतात.

अमेरिकेने 1978मध्ये शिशासाठी नियम केला: रक्तात डेसिलिटरमागे 60 मायक्रोग्रॅम आढळले तर माणसाला त्या कामावरून हलवायचे, 40च्या खाली उतरेपर्यंत परत घ्यायचे नाही, आणि तोवर 18 महिन्यांपर्यंत पगार कापायचा नाही. नवख्याचा आकडा लवकर उतरतो. वीस वर्षे भट्टीवर काढलेल्याचा उतरत नाही, कारण हाडांतले शिसे पुन्हा रक्तात झिरपत राहते. तेव्हा तपासणीच्या कागदावर आजच्या आकड्याशेजारी नोकरीची वर्षेही लिहिली गेली पाहिजेत.