शेवटचे तीन किलोमीटर

गुलमंडीतल्या कितीतरी घरांत रविवारी मोबाइलवर युरोपातले फोटो येऊन पडतात. दगडी फरसबंदी, तट, उंच मनोरे आणि त्यांच्यापुढे जाकीट घालून उभा असलेला आपला भाचा किंवा पुतणी. यात आता नवल उरलेलं नाही. शेंद्र्याला २००१पासून श्कोडाच्या मोटारी तयार होऊ लागल्या. त्या कंपनीचं मूळ गाव चेक प्रजासत्ताकातलं म्लादा बोलेस्लाव. वाळूजच्या कारखान्यांचेही जर्मनीशी लागेबांधे आहेत. इथली पोरं शिक्षणाला, नोकरीला तिकडे जातात आणि सुट्टीच्या दिवशी जवळपासचं एखादं जुनं गाव पाहून संध्याकाळी घरी परततात. फोटो पाहणारी आजी विचारते, ‘‘असले दरवाजे आपल्याकडे काय कमी आहेत?’’

कमी नाहीतच. मलिक अंबरनं १६१०मध्ये खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद, वसवली, डोंगरातलं पाणी नहरींतून गावात आणलं आणि १६१२मध्ये भडकल दरवाजा बांधला. जाँ द तेवनो हा फ्रेंच प्रवासी १६६६मध्ये सुरतेला उतरला आणि पुढे औरंगाबाद, वेरूळ पाहून गेला. तेव्हा शहराला तट नव्हता. मराठ्यांच्या धास्तीनं औरंगजेबानं तो घातला १६८२मध्ये. म्हणजे युरोपातला माणूस आपलं गाव पाहायला साडेतीनशे वर्षांपूर्वीच आला होता. मग आज तिकडची गावं एका दिवसात सहज पाहून होतात आणि दौलताबादला जायचं म्हटलं की आधी गाडी ठरवावी लागते, असं का?

एका दिवसाच्या सहलीचा इतिहास चाळला तर त्यात वास्तूंपेक्षा तिकिटंच जास्त सापडतात. ५ जुलै १८४१ रोजी थॉमस कुकनं लेस्टरहून लॉफबरोला सुमारे पाचशे माणसं खास रेल्वेनं नेली. निमित्त दारूबंदीच्या सभेचं, भाडं माणशी एक शिलिंग. जर्मन रेल्वेनं १९९५मध्ये शनिवार-रविवारचं एक तिकीट काढलं. १५ मार्कांत पाच जणांनी साध्या गाड्यांनी देशभर हिंडावं. ते २०१९मध्ये बंद झालं, पण मे २०२३पासून ४९ युरोंचा मासिक पास आला. त्याची किंमत नंतर वाढत गेली. जलद गाड्यांत तो चालत नाही. साध्या गाड्या, ट्राम आणि शहरातल्या बस यांत चालतो. नोकरीवर जाण्यासाठी पास काढलेलाच असतो, त्यामुळे रविवारी बाहेर पडताना भाड्याचा हिशेब मांडावा लागत नाही. मुलांचं भटकणं या सोयीवर चालतं.

तिकिटानंतरची खरी परीक्षा मात्र स्टेशनाबाहेर पडल्यावर होते. प्रागपासून रेल्वेनं तासाभरावर कुटना होरा आहे. चांदीच्या खाणींवर वाढलेल्या या गावात १३००पासून ‘प्राग ग्रोश’ हे चांदीचं नाणं पाडलं जाऊ लागलं आणि ते मध्य युरोपभर चाललं. खाणी आटल्या, पैसा गेला. १३८८मध्ये सुरू झालेलं संत बार्बराचं चर्च पुरं व्हायला १९०५ साल उजाडलं. आज ते गाव जागतिक वारसा यादीत आहे. पण त्याचं मुख्य स्टेशन जुन्या गावापासून जवळजवळ तीन किलोमीटर दूर पडतं. प्रागहून येणाऱ्या गाड्यांना जोडून तिथे एक छोटी गाडी सुटते आणि उतारूंना गावाजवळ नेऊन सोडते.

आता दौलताबाद घ्या. कुटना होराला चांदीचं नाणं सुरू झालं, त्यानंतर पाव शतकानं, १३२७मध्ये, महंमद तुघलकानं राजधानी देवगिरीला, म्हणजेच दौलताबादला, आणली. त्यानं तांब्या-पितळेचं नाणं चांदीच्या मोलानं चालवू पाहिलं. त्यातली काही नाणी दौलताबादच्याच टांकसाळीत पडली. तो प्रयोग फसला, राजधानीही दिल्लीला परत गेली. खंदक, अंधेरीची भुयारी वाट, मेंढा तोफ, पंधराव्या शतकातला चाँद मिनार अशी त्या काळाची आणि नंतरचीही पुंजी मागे राहिली. दौलताबादला रेल्वे स्टेशनही आहे. ते किल्ल्यापासून दूर आहे आणि तिथे थांबणाऱ्या गाड्या मोजक्याच, त्यामुळे किल्ला पाहायला कोणी रेल्वेनं जात नाही. मध्यवर्ती बसस्थानकावरून एसटी किंवा काळी-पिवळी पकडायची, सीताफळांच्या टोपल्यांपाशी उतरायचं आणि परतीसाठी हात दाखवत रस्त्याकडेला उभं राहायचं. खुलताबादला मलिक अंबरची कबर आणि भद्रा मारुती, त्यापुढे वेरूळ; सगळं तीस किलोमीटरच्या आत. तरी एका तिकिटावर या तिन्ही ठिकाणी उतरत-चढत जावं, अशी सवय आपल्याला लागलेली नाही.

दुसरा फरक पायांचा. जर्मनीतल्या रोथेनबुर्गचा तट म्हणजे अनेक फोटोंची पार्श्वभूमी. ३१ मार्च १९४५च्या बॉम्बहल्ल्यात त्या तटाचा मोठा भाग कोसळला. पुढे जगभरच्या लोकांनी वर्गणी दिली, तटाचे तुकडे पुन्हा उभे राहिले आणि देणाऱ्यांची नावं त्याच भिंतीत बसवली गेली. आज त्या तटावरून फुकट चालता येतं. म्हणजे मोहून टाकणारी ती भिंत काही ठिकाणी आपल्या आजोबांच्या घरापेक्षा नवी आहे! आपला तट बहुतेक गेला. उरलेल्या दरवाज्यांपैकी काहींची अलीकडे दुरुस्ती झाली, हे चांगलंच. पण एका दरवाज्यापासून दुसऱ्यापर्यंत निवांत चालत जाण्याची वाट कुठे आहे? पैठण गेटहून गुलमंडी, सिटी चौक, शहागंजचं घंटाघर हा टप्पा रमतगमत चालत होण्याजोगा. वाटेत सुपारी हनुमान, कापडाची दुकानं, इम्रतीचा घाणा; गाव नांदतं असल्यामुळे युरोपातल्या कित्येक नटवलेल्या गल्ल्यांपेक्षा इथे पाहण्यासारखं अधिक आहे. मात्र दुचाकी, हातगाड्या आणि रिक्षा यांतून वाट काढताना नजर वर जाऊन एखाद्या जुन्या लाकडी सज्जावर टिकेल, तर शपथ.

यावर उपाय फार खर्चाचे नाहीत. रविवारी सकाळी चार तास पैठण गेट ते सिटी चौक वाहनं बंद ठेवावीत. पैठण गेटवरून दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ अशी तासातासाला मिनीबस सोडावी, दिवसभराचं एकच तिकीट ठेवावं आणि परतीची शेवटची वेळ ठळक अक्षरांत थांब्यावर लिहावी. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, तेही तिथेच लिहावं. व्यापाऱ्यांचा पहिल्यांदा विरोध होईल. पण चालत फिरणारा गिऱ्हाईक दुकानात डोकावतो, गाडीवरचा पुढे निघून जातो, हे गुलमंडीच्या दुकानदाराला कोणी शिकवायला नको. डिसेंबरात सुट्टीवर येणाऱ्या भाच्याला आपण विमानतळावरून थेट घरी आणतो आणि मग मॉलमध्ये नेतो. त्या मिनीबसचं पहिलं तिकीट त्याच्याच हातात द्यायला हवं.