विश्लेषण : जुनी ‘एमपीएफआय’ कार सिग्नलला बंद का पडते? कार्ब्युरेटरच्या काळातले उपाय तिला का चालत नाहीत?

वीस-पंचवीस वर्षे जुन्या पेट्रोल कारची एक तक्रार हमखास ऐकू येते. गाडी पळताना काही त्रास नाही, पण सिग्नलला थांबली की इंजिनचा आवाज आपोआप चढतो-उतरतो, एसी लावला की आचके बसतात आणि शेवटी गाडी बंद पडते. शनिवार पेठेसारख्या भागात हा त्रास जास्त जाणवतो. ओंकारेश्वरापासून अप्पा बळवंत चौकापर्यंतचे पायी जाण्याएवढे अंतर, तेही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. इंजिन पुरते तापण्याआधीच गाडी पुन्हा पार्किंगमध्ये जाते आणि मग आठवडाभर उभी राहते. अशा वापरात आत काजळी साचत जाते.

हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नाही. चालत्या गाडीत इंजिन बंद पडले, की ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम तयार होणे थांबते. साठलेल्या व्हॅक्यूमवर ब्रेक एक-दोनदा नीट लागतो, त्यानंतर पेडल दगडासारखे घट्ट होते. पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होते.

या गाड्या ‘व्हिंटेज’ म्हणायच्या का?

कायद्याने नाही. केंद्र सरकारच्या २०२१च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली आणि मूळ रूपात जपलेली गाडीच ‘व्हिंटेज’ ठरते. १९९८मध्ये आलेल्या सँट्रो किंवा मॅटिझला त्यासाठी २०४८ उजाडावे लागेल. जगात मात्र इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनने पन्नाशी कधीच ओलांडली आहे. १९६७च्या सुमारास फोक्सवॅगनने अमेरिकेतल्या ‘१६००’ मॉडेलसाठी बॉशची ‘डी-जेट्रॉनिक’ यंत्रणा आणली. त्यामागेही तिथले प्रदूषणाचे नियमच होते.

आपल्याकडेही तसेच झाले. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९९९मध्ये राजधानी परिसरातल्या नव्या खासगी गाड्यांना १ जून १९९९पासून ‘युरो-१’ आणि १ एप्रिल २०००पासून ‘युरो-२’ निकष बंधनकारक केले. त्यानंतर कंपन्यांनी भराभर कार्ब्युरेटर सोडला. झेन, एस्टीम आणि मारुती ८०० एमपीएफआय झाल्या. एमपीएफआय म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टर. मारुती ८००चे उत्पादन जानेवारी २०१४मध्ये थांबले, त्यामुळे यातल्या बऱ्याच गाड्या आता गॅरेजवाल्याच्या सवयीवर आणि मालकाच्या चिकाटीवर चालतात.

आयडलिंगला आत नेमके काय होते?

गैरसमज इथेच होतो. या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर पेट्रोल थेट वाढत नाही. उघडते ती थ्रॉटलची झडप, आणि तिच्यातून जाते ती फक्त हवा. किती हवा आत आली, हे सेन्सर सांगतात आणि इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा, हे इंजिनचा संगणक म्हणजे ईसीयू ठरवतो. पाय काढल्यावर झडप जवळपास मिटते. मग इंजिन जिवंत राहते ते शेजारच्या बारीक वाटेने येणाऱ्या हवेवर. त्या वाटेवर आयडल व्हॉल्व्ह बसवलेला असतो. एसी किंवा हेडलाइट लावला की इंजिनवर भार येतो, ईसीयू हा व्हॉल्व्ह थोडा अधिक उघडतो आणि फेरे मिनिटाला साधारण ७५० ते ९५०च्या दरम्यान टिकतात. मॉडेलप्रमाणे हा आकडा थोडा बदलतो.

कार्ब्युरेटरवर हात बसलेला मेकॅनिक मात्र आयडलिंग बिघडले, की आधी स्क्रू शोधतो. एमपीएफआयच्या थ्रॉटलवरही एक स्क्रू दिसतो, पण तो झडप कुठे टेकावी हे ठरवण्यासाठी कारखान्यातच बसवलेला असतो. तो फिरवला की झडप पूर्ण मिटत नाही, थ्रॉटल पोझिशन सेन्सर ‘पाय अजून पेडलवर आहे’ असे कळवतो आणि ईसीयू आयडलिंगचा हिशेब सुरूच करत नाही. त्या दिवशी गाडी बंद पडायची थांबते, मालक खूश होतो. पुढच्या महिन्यात रेस चढलेली राहते, पेट्रोल जास्त जाते आणि खरा बिघाड होता तिथेच असतो.

मग तपासणी कुठून सुरू करायची?

फुकट गोष्टींपासून. बॅटरीचे टर्मिनल, इंजिन आणि बॉडीला जोडणारी अर्थची वायर, एअर फिल्टर, प्लग. प्लग किंवा कॉइल कमजोर असली, तरी आयडलिंगला गाडी मिसिंग करते आणि दोष इंजेक्शनच्या माथी येतो. कार बंद असताना चार्ज न होणारी, उभी राहून दमलेली बॅटरीही यात मोठी गुन्हेगार आहे.

त्यानंतर रबरी होस. वीस वर्षांत रबर कडक होऊन तडकते आणि न मोजलेली हवा आत जाते. इथे एक बारकावा आहे. ज्या गाडीत मॅनिफोल्डचा दाब मोजणारा ‘मॅप’ सेन्सर असतो (आपल्या छोट्या गाड्यांत बहुधा हाच), तिथे हवा गळली तर दाब वाढतो, ईसीयूला वाटते भार आला, तो पेट्रोल वाढवतो आणि रेस चढते. हवेचा प्रवाह मोजणाऱ्या गाडीत मात्र ती जादा हवा मोजलीच जात नाही. मिश्रण पातळ होते आणि आवाज हेलकावे खातो. गळती एकच, लक्षणे उलटी! गळती शोधायला गरम इंजिनवर क्लीनर फवारण्याची पद्धत सर्रास दिसते, पण त्यात आगीचा धोका आहे. साबणाचे पाणी किंवा धूर सोडणारे यंत्र बरे.

होस ठीक असतील तर थ्रॉटल बॉडी उघडावी. झडपेच्या कडेला आणि आयडल व्हॉल्व्हच्या वाटेत काळी चिकट काजळी दिसली, तर अर्धे निदान झाले. ती थ्रॉटल क्लीनर आणि मऊ कापडाने निघते. स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नये. नाना पेठेत नवा व्हॉल्व्ह शोधायला जाण्याआधी हा उपाय करून पाहणे केव्हाही स्वस्त.

सेन्सरची परीक्षा साध्या मल्टिमीटरवर होते. थ्रॉटल सेन्सरचा सिग्नल झडप मिटलेली असताना साधारण अर्धा व्होल्ट आणि पूर्ण उघडल्यावर चार ते साडेचार व्होल्टच्या आसपास असतो. महत्त्वाचे हे, की झडप हळूहळू उघडताना आकडा सरळ चढला पाहिजे. मध्येच उडी मारली, तर पिकअप घेताना बसणाऱ्या झटक्याचे कारण तिथे आहे. कूलंट सेन्सरचा रोध २० अंशांना साधारण दोन ते अडीच किलोओहम आणि ८० अंशांना ३०० ओहमच्या जवळ असतो. तो बिघडला की ईसीयूला तापलेले इंजिनही गार वाटते आणि तो पेट्रोल जास्त देत राहतो. नेमके आकडे त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावेत. गाडीला नंतर सीएनजी किट बसवले असेल, तर आधी फक्त पेट्रोलवर चालवून पाहावी; किटसाठी कापलेली वायर किंवा होस अनेकदा दोषी निघतो.

स्कॅनर लावला की कळत नाही का?

नव्या गाडीत कळते. भारतात नव्या कारमध्ये ‘ओबीडी’ची सक्ती २०१०पासून टप्प्याटप्प्याने आली, त्याआधीच्या अनेक गाड्यांत आजचे स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर बोलतच नाहीत. सुझुकीच्या जुन्या यंत्रणेत मात्र सोय होती. ठरावीक दोन टर्मिनल जोडून इग्निशन चालू केले, की ‘चेक इंजिन’चा दिवा लुकलुकून क्रमांक सांगतो. १२ म्हणजे नोंदलेला बिघाड नाही. पण काजळी किंवा फाटलेला होस हा संगणकाच्या लेखी बिघाडच नसतो, म्हणून १२ आला तरी गाडी बंद पडू शकते.

ई२० पेट्रोलचा यात हात किती?

थोडा आहे. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने मिश्रण पातळ होते. ऑक्सिजन सेन्सर चांगला असेल तर ईसीयू ते सावरतो. सेन्सर मेलेला असेल तर सावरू शकत नाही. काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५मध्ये म्हटले. तरी प्रत्येक बंद पडलेल्या गाडीचे खापर इथेनॉलवर फोडणे म्हणजे दहा वर्षे न उघडलेल्या थ्रॉटलला क्लीन चिट देणे.

दुरुस्ती झाल्यावर एक गोष्ट लक्षात ठेवावी. बॅटरी काढून लावली किंवा थ्रॉटल साफ केले, की ईसीयूची शिकलेली माहिती पुसली जाते किंवा निरुपयोगी होते. एसी, दिवे बंद ठेवून इंजिन काही मिनिटे नुसते चालू द्यावे, मग एसीसह. पहिल्या दिवशी आयडलिंग थोडे वेडेवाकडे वाटले म्हणून लगेच स्क्रूला हात लावू नये. दुरुस्ती जमली की नाही, हे पीयूसी केंद्रावर कळते. ‘बीएस-२’ आणि ‘बीएस-३’ पेट्रोल कारसाठी आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.५ टक्के, तर हायड्रोकार्बनची ७५० पीपीएम आहे. तपासणीला गाडी गार इंजिनने नेऊ नये. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याशिवाय काम करत नाही. पेठेतून निघालेल्या गाडीने नदीपलीकडे एक मोठी चक्कर मारून मगच केंद्र गाठावे.