शेलची हिस्ट्री : लिहिलेली कमांड पुन्हा मिळवण्याच्या रीती

टर्मिनलवर दिलेली प्रत्येक कमांड शेल क्रमाने नोंदवून ठेवतो. या नोंदी म्हणजे हिस्ट्री. लांबलचक कमांड पुन्हा टाइप करण्याचे कष्ट तिने वाचतात, आणि काल नेमके काय केले होते हेही कळते. बहुतेक शेलमध्ये ही सोय असली, तरी नोंद कधी लिहायची आणि कशी शोधायची, याची प्रत्येकाची रीत निराळी.

बर्कली विद्यापीठात बिल जॉय यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस लिहिलेल्या सी शेलने ही सोय रुजवली. तिथे सगळा कारभार उद्गारचिन्हावर चाले. !! म्हणजे लगेच आधीची कमांड; !$ म्हणजे तिच्यातला शेवटचा शब्द. चिन्हापुढे अक्षरे दिली, तर त्या अक्षरांनी सुरू होणारी अलीकडची कमांड. बॅश आणि झेडशेलनेही ही खूण उचलली. धोका एकच: काय चालणार हे आधी दिसत नाही. फायली पुसणारी जुनी कमांड अनवधानाने चालू शकते. शेवटी :पी (इंग्रजी लिपीतले अक्षर) जोडले, तर कमांड चालत नाही, नुसती छापली जाते.

बेल लॅब्समधल्या डेव्हिड कॉर्न यांनी १९८३ साली जाहीर केलेल्या कॉर्न शेलमध्ये जुनी ओळ समोर आणून, व्हीआय किंवा ईमॅक्स या संपादकांच्या धर्तीवर दुरुस्त करता येऊ लागली.

१९८९ साली ब्रायन फॉक्स यांनी ग्नू प्रकल्पासाठी लिहिलेल्या बॅशमध्ये हे काम रीडलाइन ही लायब्ररी करते. समजा, ‘चौसाळा’ नावाचे फोल्डर दुसऱ्या यंत्रावर पाठवणारी कमांड गेल्या आठवड्यात दिली होती. कंट्रोल-आर दाबून ‘चौ’ लिहिले, की ती अक्षरे असलेली सर्वांत अलीकडची ओळ दिसते. ती नको असेल, तर पुन्हा कंट्रोल-आर दाबून आणखी मागे जायचे. एंटरने कमांड चालते, उजव्या बाणाने दुरुस्तीसाठी हाती येते, कंट्रोल-जीने शोध सुटतो. उलट दिशेसाठी कंट्रोल-एस आहे. पण अनेक टर्मिनल त्याचा अर्थ ‘थांब’ असा घेतात आणि पडदा गोठतो. कंट्रोल-क्यूने तो सुटतो.

बॅश मुळात ५०० कमांड लक्षात ठेवतो आणि शेल बंद होताना त्या फाइलमध्ये लिहितो. ‘हिस्टअपेंड’ हा पर्याय चालू नसेल, तर दोन खिडक्यांपैकी नंतर बंद झालेली आधीच्या खिडकीच्या नोंदी पुसून टाकते. १९९० साली आलेल्या झेडशेलमध्ये सर्व खिडक्यांना एकच सामायिक हिस्ट्री देता येते. २००५च्या फिशमध्ये शोधायलाही लागत नाही: टाइप करतानाच जुन्या नोंदीतली जुळणारी ओळ फिकट रंगात पुढे दिसते आणि उजव्या बाणाने स्वीकारता येते.

विंडोजच्या जुन्या कमांड प्रॉम्प्टमध्ये एफ-७ने यादी उघडते, एफ-८ने सुरुवातीच्या अक्षरांवरून शोध होतो. खिडकी मिटली की नोंदीही जातात. पॉवरशेलमध्ये पीएसरीडलाइन हे मॉड्यूल नोंदी फाइलमध्ये जपते आणि कंट्रोल-आरही देते.

हिस्ट्रीची फाइल साध्या मजकुराची असते, म्हणून कमांडमध्येच लिहिलेला पासवर्ड तिथे उघडा पडून राहतो. बॅश आणि झेडशेलमध्ये योग्य पर्याय चालू केला, तर आरंभी मोकळी जागा सोडलेली कमांड नोंदली जात नाही. फिश तशी कमांड आपणहूनच फाइलमध्ये लिहीत नाही. चुकून नोंद झालीच, तर बॅशमध्ये ‘हिस्ट्री’ या कमांडला वजा-डी आणि ओळीचा क्रमांक देऊन तेवढी ओळ काढता येते.