आदामाचा काल व त्यासंबंधीं तीन पाठपरंपरा

पोथ्यांच्या प्रती ताडून पाहतांना अंकांतील पाठभेद आपण बहुधा लेखकप्रमाद म्हणून तळटीपेंत घालतों. ख्रिस्ती धर्मशास्त्रांत मात्र मनुष्याची उत्पत्ति केव्हां झाली, हा प्रश्न दीर्घ काल अशाच पाठभेदांवर अवलंबून होता. त्याची हकीकत हस्तलिखितांच्या अभ्यासकांस उपयोगी वाटेल, म्हणून येथें थोडक्यांत देतों.

बायबलांतील ‘उत्पत्ति’ ग्रंथाच्या पांचव्या अध्यायांत आदामापासून नोहापर्यंतची वंशावळ आहे. पुत्र झाला त्या वेळीं पित्याचें वय किती होतें, हें प्रत्येक पिढीस सांगितलेलें असून जलप्रलय नोहाच्या सहाशेंव्या वर्षीं झाला; तेव्हां नुसत्या बेरजेनें प्रलयापर्यंतचा काल निघतो. हिब्रू पाठाप्रमाणें शेथ जन्मला तेव्हां आदाम १३० वर्षांचा होता; ग्रीक भाषांतराप्रमाणें २३०. अशा फरकांमुळें ती बेरीज हिब्रू पाठांत १६५६, ग्रीक पाठांत २२४२ (कांहीं प्रतींत २२६२) व शोमरोनी पाठांत १३०७ वर्षें होते. या शोमरोनी पाठाची एक पोथी पिएत्रो देल्ला व्हाले या रोमन प्रवाशानें १६१६ त दमास्कस येथें मिळविली. हाच गृहस्थ पुढें १६२३ त सुरत व गोवें येथें आला होता.

ग्रीक पाठांत एक विसंगति होती. त्याप्रमाणें मथुशलह प्रलयानंतर चौदा वर्षें जगतो. परंतु तारवांत वांचलेल्या आठ माणसांत तो नव्हता. ऑगस्टिन (३५४–४३०) यानें ‘ईश्वराचें नगर’ या ग्रंथांत याचा विचार केला आहे. मूळ अनुवादकांस दोष न देतां, प्रथम नक्कल करणाराच्या हातून चूक झाली असावी, व अशा स्थळीं मूळ भाषेवर विश्वास ठेवावा, असा त्याचा निर्णय आहे. तथापि मनुष्यजातीस सहा हजार वर्षेंही झालीं नाहींत, हें त्याचें मत कायमच राहिलें.

युसेबिअसच्या गणनेनें आदामापासून ख्रिस्तापर्यंत सुमारें ५२०० वर्षें होत. बीड या इंग्रज भिक्षूनें ७०३ त हिब्रू अंक घेऊन ३९५२ वर्षें ठरविलीं. त्यामुळें ख्रिस्त सहाव्या युगांत आला हें तो नाकारतो, असा पाखंडाचा आरोप त्याजवर आला, व ७०८ त त्यास पत्र लिहून त्याचें निरसन करावें लागलें. १६५० त आर्चबिशप अशर यानें हिब्रू पाठावरूनच ख्रि. पू. ४००४ हें वर्ष काढलें.

या सर्वांत अंकांविषयीं वाद होता. आदाम हा सर्वांचा एकच पूर्वज, याविषयीं नव्हता. तो वाद फ्रान्समधील इझाक द ला पेरेर यानें १६५५ त उपस्थित केला. आदाम केवळ यहुद्यांचा मूळपुरुष असून इतर राष्ट्रें त्याच्या पूर्वींचीं आहेत, असें त्यानें प्रतिपादिलें. १६५६ त त्यास कैद झाली व नंतर रोम येथें त्यानें तें मत मागें घेतलें. एवढा क्षोभ होण्याचें कारण उघड आहे. आदामाचें पाप वंशपरंपरेनें सर्वांस लागलें, म्हणूनच ख्रिस्ताचा उद्धारही सर्वांसाठीं, अशी त्या शास्त्राची मांडणी आहे. कांहीं माणसें आदामाच्या वंशाबाहेरचीं ठरलीं, तर त्यांच्या उद्धाराचा आधारच जातो.

१९५० सालच्या पोप बाराव्या पायसच्या परिपत्रकांतही हाच क्रम दिसतो. शरीराच्या विकासाविषयीं संशोधनास तेथें मोकळीक आहे, आत्मा ईश्वरनिर्मित म्हटला आहे, व अनेक मूळपुरुषांचें मत मान्य केलेलें नाहीं. वर्षांच्या बेरजेचा मात्र त्यांत उल्लेख नाहीं.

हा इतिहास आपणांस कळतो तो तिन्ही पाठ भिन्न अंकांसह टिकले म्हणून. यास्तव नक्कल करतांना विसंगत अंक दिसला, तरी तो आहे तसाच उतरून घ्यावा व आपली दुरुस्ती समासांत लिहावी, एवढीच संग्राहकांस विनंति आहे.