डेंटल इम्प्लांट: भीती पहिल्या दिवसाची, जपायचं मात्र तिसऱ्या आठवड्यात

बाबांनी इम्प्लांटची अपॉइंटमेंट तीन वेळा पुढे ढकलली. एकदा कुणाचं तरी लग्न निघालं, एकदा सर्दी झाली आणि तिसऱ्यांदा तर "आज अमावस्या आहे" म्हणाले. एरवी ते असलं काही पाळत नाहीत. शेवटी गेले, पाऊण तासात बाहेर आले आणि म्हणाले, "झालं? एवढंच?" रात्री एक पेनकिलर घेतली. दहाव्या दिवशी टाके निघाले. त्यानंतर तोंडात काही बसवलंय हेच ते विसरले आणि तिसऱ्या आठवड्यात त्याच बाजूने शेंगदाण्याची चिक्की फोडली. पुढच्या तपासणीत इम्प्लांट हलत होतं. काढावं लागलं.

एका चिक्कीनेच ते सैल झालं असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. इम्प्लांट न टिकण्याची आणखीही कारणं असतात. पण नंतर डॉक्टरांशी बोलताना आणि वाचताना एक गोष्ट लक्षात आली. आपण घाबरतो त्या दिवसाला, जो डॉक्टरांच्या हातात असतो. जो काळ आपल्या हातात असतो, तेव्हा दुखत नाही म्हणून आपण निर्धास्त असतो.

हाडात बसवतात म्हणजे काय करतात?

इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा छोटा स्क्रू. पडलेल्या दाताच्या मुळाच्या जागी तो जबड्याच्या हाडात बसतो, त्यावर जोडणीचा एक तुकडा आणि सगळ्यात वर कॅप. हा शोध तसा अपघातानेच लागला. १९५२ मध्ये स्वीडनमधल्या लुंड इथे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क सशाच्या पायाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. त्यासाठी हाडात बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण प्रयोगानंतर निघेना. हाड त्याला चिकटून वाढलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी गोस्टा लार्सन या रुग्णाच्या खालच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. लार्सन २००६ मध्ये वारले, तोपर्यंत ते वापरत होते.

आता ज्याची सगळ्यांना धास्ती असते ते ड्रिल. आपल्या डोक्यात जो किर्रर्र आवाज बसलेला असतो तो दात कोरायच्या एअरोटरचा. तो मिनिटाला तीन लाखांहून जास्त फेरे घेतो. इम्प्लांटसाठी हाडात जागा करणारं ड्रिल साधारण हजाराच्या आसपास फेऱ्यांवर चालवतात. त्याची किंचाळी नसते, जबड्यात घरघर जाणवते. मुद्दाम हळू चालवतात, कारण हाडाला उष्णता सोसत नाही. हाडाचं तापमान ४७ अंश सेल्सिअसवर एक मिनिट राहिलं तरी त्या जागचं हाड मरू शकतं. म्हणून ड्रिलवर सलाईनच्या पाण्याची धार सतत सोडलेली असते. तोंडात एवढं पाणी का जमतंय म्हणून बाबा घाबरले होते, त्याचं कारण हे.

आणखी एक गोष्ट आधी कुणी सांगत नाही. बधिर करायच्या इंजेक्शनने दुखणं थांबतं, पण दाब आणि थरथर कळत राहते. हे माहीत नसेल तर घाबरलेला माणूस दाबालाच दुखणं समजतो आणि "इंजेक्शन चढलंच नाही" म्हणून आणखी आखडतो. बऱ्याचदा त्या औषधात थोडं अ‍ॅड्रेनालिन मिसळलेलं असतं. रक्तस्राव कमी व्हावा आणि बधिरपणा जास्त वेळ टिकावा म्हणून. त्यामुळे टोचल्यावर काही मिनिटं छाती धडधडू शकते. ही धडधड औषधाची आहे हे ठाऊक असलं की तिची धास्ती निम्मी होते. तरीही धडधड थांबली नाही किंवा खरंच दुखलं, तर सांगायचं. सुरू करण्याआधीच "मी डावा हात वर केला की थांबा" असं डॉक्टरांशी ठरवून घ्या. साधी युक्ती आहे, पण थांबवणं आपल्या हातात आहे म्हटलं की माणूस सैल बसतो.

टेन्शनचा जखमेशी संबंध असतो का?

असतो, आणि त्याचा एक फार गमतीदार प्रयोग आहे. अमेरिकेतल्या ओहायोमध्ये दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या टाळूवर साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम केली. एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि एकदा परीक्षेच्या तीन दिवस आधी. परीक्षेच्या वेळची जखम भरायला सरासरी तीन दिवस, म्हणजे सुमारे ४० टक्के जास्त वेळ लागला. हा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थी अगदी थोडे होते आणि जखम हाडात नव्हती, तेव्हा "घाबरलात तर इम्प्लांट पडेल" असा अर्थ यातून काढू नका. घाबरलेल्या माणसाला "टेन्शन घेऊ नका, जखम भरणार नाही" म्हणणं म्हणजे आगीत तेलच. पण झोप, जेवण आणि मनातले प्रश्न आधी विचारून घेणं हे उपचारात मोडतं, एवढं नक्की. नुसत्या स्थानिक बधिरतेवर करणार असतील तर उपाशी जाऊ नका, हलकं खाऊन जा. बीपी, शुगर, रक्त पातळ करणाऱ्या आणि हाडं ठिसूळ झाल्यावर देतात त्या गोळ्या, सगळं सांगा. पण आपल्या मनाने एकही गोळी बंद करू नका.

मग तिसऱ्या आठवड्यात काय होतं?

पहिल्या दिवशी स्क्रू घट्ट असतो तो फक्त आट्यांच्या पकडीमुळे, लाकडात स्क्रू बसतो तसा. पण हाड जिवंत आहे. ड्रिलने दुखावलेला थर शरीर आधी खाऊन टाकतं आणि मग नवं हाड घालतं. जुनी पकड सुटत चाललेली असते आणि नवी अजून कच्ची असते, अशी साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यातली वेळ सगळ्यात नाजूक. या काळात स्क्रू साधारण १०० ते १५० मायक्रॉनपेक्षा जास्त हलत राहिला, तर त्याच्याभोवती हाडाऐवजी तंतूंची मऊ पेशीजाळी तयार होते. १०० मायक्रॉन म्हणजे एका केसाची जाडी हो! आणि हे होत असताना बहुधा दुखत नाही. सूज उतरलेली, टाके निघालेले, म्हणून माणसाला वाटतं आपण बरे झालो.

काही जणांचं इम्प्लांट हिरडीखाली झाकून टाके घालतात, काहींना हिरडीतून डोकावणारी हिलिंग कॅप लावतात. बाबांची दुसऱ्या प्रकारची होती, आणि अशा कॅपवर चावण्याचा दाब थेट येतो. म्हणून आपली कोणती आहे हे विचारून घ्या. हाड पक्कं व्हायला खालच्या जबड्यात साधारण तीन महिने, वरच्यात सहा महिन्यांपर्यंत लागू शकतात, कारण वरचं हाड जास्त पोकळसर असतं. काही ठिकाणी कॅप लावण्याआधी इम्प्लांटवर छोटी चुंबकीय कांडी बसवून ते कितपत घट्ट आहे याचा १ ते १०० मधला आकडा काढतात. तंबाखू, गुटखा, मिश्री, सिगारेट या काळात बंद म्हणजे बंद. निकोटीनने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्ताशिवाय हाड बनत नाही.

पहिल्या दिवसांचं थोडक्यात सांगतो. २४ तास खळखळून चूळ नाही, जोराने थुंकणं नाही, स्ट्रॉ नाही. बर्फ गालावर बाहेरून. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दिसते, ते ठीकच आहे. पण त्यानंतरही वाढत गेली, ताप आला, पू आला, किंवा इंजेक्शनचा असर उतरायची वेळ टळून गेली तरी ओठ-हनुवटी बधिरच राहिली, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. खालच्या जबड्यातून एक नस जाते आणि तिच्यावर दाब आला असेल तर लवकर कळवणं महत्त्वाचं असतं.

बाबांचं हाड भरू दिलं आणि काही महिन्यांनी दुसरं इम्प्लांट बसवलं. त्या दिवशी अमावस्या होती की नाही हे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. घरी आल्यावर भिंतीवरचं कॅलेंडर काढून दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यावर लाल पेनने फुल्या मारल्या आणि आईला सांगितलं, "तोवर चिक्कीचा डबा वरच्या फळीवर ठेव." तीन महिने मऊ भात, खिचडी आणि दुसऱ्या बाजूने पोळी. कॅप बसली त्या दिवशी डबा खाली आला.