विपणन-संशोधन व दुर्बल ग्राहक

वस्तू व सेवा ज्यांच्यासाठी निर्माण केल्या जातात, त्या लोकांच्या गरजा, सवयी, क्रयशक्ती व मते यांविषयी पद्धतशीरपणे माहिती गोळा करणे व तिचे विश्लेषण करणे, यास विपणन-संशोधन असे म्हणतात. दारिद्र्य, निरक्षरता, वार्धक्य, अपंगत्व, भाषाभिन्नता अथवा दुर्गम ठिकाणचे वास्तव्य यांमुळे ज्यांना बाजारात आपले हित सांभाळणे अवघड जाते, त्यांना दुर्बल ग्राहक ही संज्ञा लावतात. दुर्बलता हा व्यक्तीचा अंगभूत गुण नसून ती बहुधा प्रसंगसापेक्ष असते. आपल्या शेतात तरबेज असलेला शेतकरी बँकेच्या खिडकीपाशी दुर्बल ठरतो आणि उच्चशिक्षित नागरिक रुग्णालयाच्या खाटेवर.

या शास्त्राचा उगम व्यापारी प्रयोजनातून झाला. अमेरिकेतील कर्टिस प्रकाशन कंपनीने १९११ मध्ये चार्ल्स कूलिज पार्लिन याच्याकडे बाजारपेठांच्या पाहणीचे काम सोपविले, तेथून त्याचा आरंभ मानण्याची प्रथा आहे. डबाबंद सूप श्रीमंत घरांतच खपते, ही विक्रेत्यांची समजूत पार्लिनने निरनिराळ्या वस्त्यांतील कचरा तपासून खोटी ठरविली व रिकामे डबे कामगारांच्या वस्तीतच अधिक सापडले, अशी कथा सांगितली जाते. भारतात बडोदे येथे विक्रम साराभाई यांच्या पुढाकाराने १९६० मध्ये स्थापन झालेल्या ऑपरेशन्स रिसर्च ग्रुप या संस्थेने अशा पाहण्यांचा पाया घातला. सार्वजनिक सेवेसाठी या तंत्राचा मोठा वापर कुटुंबनियोजनाच्या क्षेत्रात झाला. कलकत्त्याच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत १९६४ मध्ये तयार झालेल्या प्रस्तावातून ‘निरोध’ची योजना उभी राहिली आणि १९६८ पासून तीन नगांना १५ पैसे या दराने, चहा, साबण, सिगारेट व बॅटऱ्या विकणाऱ्या कंपन्यांच्या वितरणव्यवस्थेमार्फत त्याची विक्री सुरू झाली. जेथे सरकारी दवाखाना नव्हता तेथेही पानाचे वा किराणा मालाचे दुकान होते, हे या योजनेमागील साधे निरीक्षण होते.

तथापि रूढ पाहण्यांतून दुर्बल ग्राहक सहसा निसटतो. पाहणीचा खर्च उत्पादक सोसतो व त्याला क्रयशक्ती असलेल्यांची मते हवी असतात. भारतातील पाहण्यांत दीर्घकाळ वापरली गेलेली शहरी सामाजिक-आर्थिक वर्गवारी मुख्य मिळवत्या व्यक्तीचे शिक्षण व व्यवसाय यांवर आधारलेली होती. २०११ मध्ये व्यवसायाऐवजी घरातील टिकाऊ वस्तूंचा निकष स्वीकारण्यात आला. दोन्ही पद्धतींत शेवटच्या पायरीवरील कुटुंबे खर्च वाचविण्यासाठी नमुन्यातून वगळणे सोपे जाते. शिवाय पाहणी ‘सेवा घेणाऱ्यां’ची केली जाते, जो दारापर्यंत आलाच नाही त्याचे मत नोंदले जात नाही. सेवा सुधारण्याच्या दृष्टीने मात्र तोच सर्वांत महत्त्वाचा साक्षीदार असतो.

यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यातील राजूर या गावाच्या उदाहरणाने हे स्पष्ट करता येईल. कोळशाच्या खाणीमुळे वाढलेले व चुनाभट्ट्यांसाठी परिचित असलेले हे गाव ‘राजूर कॉलरी’ या नावाने ओळखले जाते. खाणीतील कायम कामगारास दरमहा वेतन मिळते. भट्टीवरील मजुराचे उत्पन्न कामाच्या दिवसांवर अवलंबून असते. भोवतालच्या गावांतील कापूस-उत्पादकाच्या हाती बहुतेक पैसा वेचणीनंतरच्या काही महिन्यांत येतो. वणी-मारेगाव-झरी जामणी या टापूतील कोलामांच्या पोडांवर घरची भाषाच कोलामी आहे. अशा परिसराची सरासरी काढल्यास जो ‘सामान्य ग्राहक’ हाती लागेल, तो यांपैकी कोणीच नसेल. मासिक हप्त्याचा विमा, दरमहा भरावयाचे वीजबिल किंवा केवळ मराठीतील सूचनाफलक हे त्या काल्पनिक सरासरी माणसाला सोयीचे असतात.

महाराष्ट्रातील या प्रकारच्या संशोधनाचे उत्तम उदाहरण गडचिरोली जिल्ह्यात आढळते, मग त्यास कोणी विपणन-संशोधन हे नाव दिलेले नसले तरी. अभय व राणी बंग यांनी १९८६ मध्ये तेथे ‘सर्च’ या संस्थेचे कार्य सुरू केले. दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून त्यांनी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनुसार ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक वा लैंगिक विकार होते. पूर्वी कधीतरी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. दवाखान्याच्या नोंदवहीवरून मागणी मोजली असती, तर या विकारांची सेवा अनावश्यक ठरली असती. पुढे आदिवासी रुग्णालयात का येत नाहीत, हे त्यांनाच विचारण्यात आले. मोठी इमारत परकी वाटते, पांढऱ्या वस्त्रांतील डॉक्टर व परिचारिका पाहून प्रेताच्या वस्त्राची आठवण होते, नातेवाइकांना रुग्णाजवळ राहू देत नाहीत, देव कोठेच दिसत नाही, अशी उत्तरे मिळाली. त्यांना अनुसरून शोधग्राम येथील रुग्णालय गोंडांच्या वस्तीसारखे, सुट्या झोपड्यांच्या रूपात बांधण्यात आले, सोबतच्या माणसांच्या राहण्याची सोय झाली व दंतेश्वरी देवीचे नाव रुग्णालयास देण्यात आले. आदिवासींचे अज्ञान हे गैरहजेरीचे कारण म्हणून पूर्वापार सांगितले जाई. वस्तुतः दोष सेवेच्या घडणीत होता.

असा शोध वेळीच न घेतल्यास काय घडते, याचा प्रत्यय यवतमाळ जिल्ह्यातच आला. २०१७ च्या पावसाळ्यात व त्यानंतर कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यातील २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले आणि शेकडो रुग्णालयांत दाखल झाले. राज्य शासनाने चौकशीसाठी विशेष तपास पथक नेमले. कीटकनाशकांची मिश्रणे, त्या वर्षी माथ्याइतकी वाढलेली कपाशी व वेगाने फवारा सोडणारे पंप ही कारणे चर्चेत आली. ग्राहकाच्या दृष्टीने मात्र आणखी एक प्रश्न उरतो : धोक्याची सूचना वापरणाऱ्यापर्यंत पोहोचली होती काय?

१९६८ चा कीटकनाशक अधिनियम व १९७१ चे नियम यांनुसार वेष्टनावर विषारीपणा दर्शविणारे रंगचिन्ह छापावे लागते. लाल रंग अतितीव्र विषासाठी असून त्याखालोखाल पिवळा, निळा व हिरवा असा क्रम आहे. लाल गटासाठी कवटी व हाडांचे चित्रही असते. या क्रमात निळ्यापेक्षा पिवळा अधिक घातक ठरतो. वाहतुकीच्या दिव्यांची माहिती असलेल्यास लाल, पिवळा व हिरवा यांची संगती लागते, परंतु निळ्याचे स्थान सांगितल्याशिवाय कळत नाही. आणि हिरवा म्हणजे ‘पिकाला चांगले’ असा अर्थ कोणी लावल्यास त्यास दोष देता येणार नाही. सोबतच्या पत्रकातील अक्षरे इतकी बारीक असतात की साक्षरालाही ती वाचणे कष्टाचे होते.

त्याहून महत्त्वाची बाब अशी की, औषध विकत घेणारा व ते फवारणारा हे बहुधा भिन्न असतात. शेतकरी कृषिकेंद्रातून, पुष्कळदा उधारीवर, माल आणतो व कोणते औषध कशात मिसळावे याचा सल्लाही तेथूनच घेतो. फवारणी रोजंदारीचा मजूर करतो. त्याच्या हाती तयार द्रावणाचा पंप येतो, पत्रक येत नाही. त्यामुळे केवळ खरेदीदारास प्रश्न विचारणारी पाहणी येथे निरर्थक ठरते. या दुर्घटनेनंतर हातमोजे, मुखपट्टी, चष्मा इ. संरक्षक साधने वाटण्यात आली. विदर्भातील दमट उन्हात ही साधने अंगावर ठेवून दिवसभर काम करणे असह्य होते. प्रथम काही मजुरांना ती वापरावयास देऊन, ती किती वेळ व का काढून ठेवली याची नोंद केली, तर हे वाटपापूर्वीच समजू शकते. अशा पूर्वचाचणीचा खर्च वाटपाच्या मानाने नगण्य असतो.

कायद्याने ग्राहकाची व्याख्या यापूर्वीच व्यापक केली आहे. १९८६ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने व त्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या अधिनियमाने खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाऱ्यासही ग्राहक मानले आहे. बियाणे विकत घेणारा शेतकरी हाही ग्राहकच होय, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दिला. पाहणीचे नमुने मात्र अद्याप बहुधा खरेदीदारावरच थांबतात.

दुर्बल गटांतील पाहणीची पद्धत वेगळी असावी लागते. छापील प्रश्नावलीपेक्षा प्रत्यक्ष वेष्टन हाती देऊन ‘यावरून काय कळते ते सांगा’ असे म्हणणे अधिक फलदायी असते. ‘समजले काय?’ या प्रश्नास पाहुण्याचा मान राखण्यासाठी ‘हो’ असेच उत्तर मिळते. पोडावर कोलामी जाणणारा प्रश्नकर्ता हवा. पेरणी वा वेचणीच्या दिवसांत घेतलेली मुलाखत मजुराची मजुरी बुडविते. तिची भरपाई न केल्यास मोकळा वेळ असलेले तेवढेच बोलतात. गावच्या पुढाऱ्यासमोर स्त्रिया व मजूर गप्प राहतात, हे तर कोणत्याही अनुभवी प्रगणकास ठाऊक असते.

हेच ज्ञान शोषणासही उपयोगी पडते. डेव्हिड कॅप्लोविट्झ याने १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या न्यूयॉर्कमधील अभ्यासात, गरीब कुटुंबे हप्त्याने घेतलेल्या टिकाऊ वस्तूंसाठी अधिक किंमत मोजतात, असे दाखवून दिले. त्यांच्या अडचणी विक्रेत्यांना चांगल्याच अवगत होत्या. रोज मिळविणारा रोजच्यापुरतेच विकत घेतो, या निरीक्षणातून शांपूची लहान पुडी निघाली व गुटख्याचीही. यामुळे संशोधकांवर काही बंधने घालण्यात आली आहेत. आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळ व एसोमार ही संशोधकांची संघटना यांच्या संयुक्त आचारसंहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत बालके व दुर्बल व्यक्ती यांच्याकडून माहिती घेताना विशेष काळजी घेण्याचे बंधन आहे. तथापि संहितेचे पालन संबंधित संघटनांच्या सदस्यांपुरतेच मर्यादित राहते. दुकानाच्या वहीत ग्राहकांच्या उधारीची नोंद ठेवणारा विक्रेता तिच्या कक्षेत येत नाही.