गाजर गवत : हद्दी अनेक, मोहीम एक

मोडनिंबला पहिला पाऊस झाला की महामार्गाच्या कडेला, रुळांलगत, गावठाणाच्या पडीक जागेत गाजर गवत उगवतं. पुणे-सोलापूर महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, कुर्डुवाडी-पंढरपूर लोहमार्ग मध्य रेल्वेकडे, तर गावठाण ग्रामपंचायतीकडे. बी मात्र वाऱ्याने, पाण्याने, चाकांच्या चिखलातून सगळीकडे पोचतं. एकाच यंत्रणेने आपली हद्द साफ केली, तर शेजारच्या हद्दीतून ते परत येतं.

मूळचं अमेरिका खंडातलं हे तण भारतात १९५५च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदलं गेलं. एका झाडाला पाच ते पंचवीस हजार बिया येतात आणि उगवल्यापासून महिना-सव्वा महिन्यात ते फुलतं. त्यातलं पार्थेनिन इतर रोपांची वाढ रोखतं. माणसांना त्वचेचा त्रास आणि दमा होतो.

म्हणून सगळा भर फुलोऱ्याआधीच्या दिवसांवर हवा. पंचायत समितीच्या पुढाकाराने सर्व यंत्रणांनी मे महिन्यातच एकत्र बसावं, कुठे किती गवत आहे याचा नकाशा करावा आणि उपटणीचा एकच आठवडा ठरवावा. राष्ट्रीय गाजर गवत जागृती सप्ताह १६ ते २२ ऑगस्टला असतो. पण जूनमध्ये उगवलेलं गवत तोवर फुललेलं असतं. त्यामुळे पहिली फेरी जुलैतच घ्यावी. सोलापूरकडे सप्टेंबरात पाऊस जास्त पडतो, तेव्हा नवं गवत उगवतं. दुसरी फेरी त्यानंतर हवी.

उपटताना हातमोजे घालावेत, तोंडाला रुमाल बांधावा. ओल्या जमिनीतून झाड मुळासकट निघतं. नुसतं कापलं तर बुडातून पुन्हा फुटतं. फुलांआधी काढलेल्या गवताचं कंपोस्ट होतं. रुळांलगतचं काम रेल्वेच्या माणसांनीच करावं.

मोकळी झालेली जागा तशीच सोडू नये. हिवाळ्याच्या तोंडाशी टाकळ्याचं बी गोळा करून ठेवावं आणि उन्हाळ्याच्या शेवटी तिथे फेकावं. दाट टाकळ्यात गाजर गवताला जागा मिळत नाही. १९८०च्या दशकात मेक्सिकोहून आणलेला झायगोग्रामा भुंगाही पावसाळ्यात त्याची पानं फस्त करतो. जिथे भुंगे सोडले आहेत तिथे कीटकनाशक फवारू नये.

मातीत पडलेलं बी अनेक वर्षं जिवंत राहतं, म्हणून ही मोहीम एका हंगामात संपत नाही. येत्या ग्रामसभेत तिचा ठराव मांडा आणि त्याची प्रत प्रत्येक यंत्रणेला पाठवा.